बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे आणि अटकपूर्व जामीन : कायदा, न्यायनिर्णय व महाविद्यालयीन अभिलेख

प्रस्तावना

शिक्षक, डॉक्टर, वकील, औषधनिर्माता यांसारख्या व्यवसायांत प्रवेश मिळविण्यासाठी केवळ ज्ञान पुरेसे नसते. त्या ज्ञानाची साक्ष देणारे प्रमाणपत्र व सक्षम मंडळाची मान्यता यांचीही आवश्यकता असते. हे प्रमाणपत्र पैसे देऊन मिळविल्याचे किंवा बनावट असल्याचे उघडकीस आले, की गुन्हा दाखल होतो आणि काही दिवसांतच वृत्तपत्रांत 'अटकपूर्व जामीन मंजूर' अथवा 'अटकपूर्व जामीन फेटाळला' अशी बातमी येते. सर्वसामान्य वाचक पहिल्या बातमीचा अर्थ 'निर्दोष ठरला' असा आणि दुसऱ्या बातमीचा अर्थ 'दोषी ठरला' असा लावतो. सुशिक्षित वर्गही या समजापासून मुक्त नाही. वस्तुतः हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत. अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत प्रमाणपत्राच्या खरेपणाचा अंतिम निवाडा होत नाही. तपासासाठी या व्यक्तीला ताब्यात घेण्याची गरज आहे काय, एवढाच प्रश्न तेथे असतो.

प्रस्तुत लेखात या तरतुदीचे स्वरूप, प्रमाणपत्र-फसवणुकीच्या प्रकरणांत लागू होणारी कलमे आणि महाराष्ट्राशी संबंधित दोन प्रकरणे यांचा विचार केला आहे. अशा प्रकरणांत अटकेची गरज बव्हंशी एका गोष्टीवर अवलंबून असते, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे. ती गोष्ट म्हणजे मूळ अभिलेख कोणाच्या ताब्यात आहे आणि आरोपीचा हात तेथपर्यंत पोहोचतो काय. महाविद्यालय हेच अनेकदा मूळ अभिलेखाचे स्थान असल्याने हा विषय प्राध्यापकांच्या दैनंदिन कामाशी निगडित आहे.

अटकपूर्व जामिनाची तरतूद

१८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत अटकपूर्व जामिनाची तरतूद नव्हती. विधी आयोगाने १९६९ च्या आपल्या ४१ व्या अहवालात तिची शिफारस केली. प्रभावशाली व्यक्ती आपल्या प्रतिस्पर्ध्यांना बदनाम करण्यासाठी किंवा काही दिवस कोठडीत डांबण्यासाठी खोट्या प्रकरणांत गोवतात, हे या शिफारशीमागील प्रमुख कारण होते. त्यानुसार १९७३ च्या संहितेत कलम ४३८ समाविष्ट झाले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली असून तिचे कलम ४८२ हे आता या तरतुदीचे स्थान आहे.

अजामीनपात्र गुन्ह्याच्या आरोपावरून आपणास अटक होईल असे मानण्यास ज्याच्याजवळ सबळ कारण आहे, अशी कोणतीही व्यक्ती सत्र न्यायालयाकडे अथवा उच्च न्यायालयाकडे अर्ज करू शकते. दोन्ही न्यायालयांना समान अधिकार असले, तरी प्रथम सत्र न्यायालयाकडे जाण्याची रीत आहे. देवळा तालुका नाशिक जिल्ह्यात असल्याने येथील अर्जदारास उच्च न्यायालयात जावयाचे झाल्यास मुंबई येथील मुख्य पीठाकडे जावे लागते. शेजारच्या धुळे व जळगाव जिल्ह्यांचे अर्ज मात्र औरंगाबाद खंडपीठाकडे जातात.

महाराष्ट्राने १९९३ साली कलम ४३८ मध्ये स्वतंत्र दुरुस्ती केली होती. आरोपाचे गांभीर्य, अर्जदाराची पूर्वपीठिका, अटकेमागे मानहानीचा हेतू असण्याची शक्यता आणि अर्जदार फरार होण्याची शक्यता हे विचारात घ्यावयाचे मुद्दे तीत नमूद होते. नव्या संहितेच्या कलम ४८२ मध्ये अशी यादी नाही. तथापि न्यायालये हे मुद्दे आजही विचारात घेतात, कारण ते न्यायनिर्णयांतून दृढ झालेले आहेत.

या क्षेत्रातील पायाभूत निर्णय म्हणजे गुरबक्षसिंग सिब्बिया विरुद्ध पंजाब राज्य हा ९ एप्रिल १९८० रोजीचा पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाचा निर्णय होय. तो मूळचे पुण्याचे असलेले सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. हे प्रकरण भ्रष्टाचाराच्या आरोपाचेच होते. अर्जदार पंजाबचे माजी मंत्री होते. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामिनावर अनेक बंधने घातली होती. उच्चपदस्थांच्या उघड भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत हा अधिकार वापरू नये, असे एक बंधन त्यांत होते. घटनापीठाने असे सरसकट नियम अमान्य केले. कायद्याने जो विवेकाधिकार खुला ठेवला आहे, तो न्यायालयांनी स्वतःहून आकुंचित करू नये, हा या निर्णयाचा गाभा आहे. त्याचबरोबर 'कोणत्याही गुन्ह्यात अटक करू नये' असा सर्वव्यापी आदेश देता येणार नाही आणि केवळ धास्ती पुरेशी नाही, भीतीला वाजवी आधार हवा, असेही घटनापीठाने स्पष्ट केले.

पुढे सिद्धाराम सातलिंगप्पा म्हेत्रे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२०१०) या निर्णयात विचारात घ्यावयाच्या बाबींची विस्तृत मांडणी झाली. सुशीला अग्रवाल विरुद्ध दिल्ली राज्य (२९ जानेवारी २०२०) या निर्णयात दुसऱ्या घटनापीठाने अटकपूर्व जामिनास सामान्यतः कालमर्यादा नसते, असे ठरविले.

लागू होणारी कलमे व त्यांचे महत्त्व

प्रमाणपत्र-फसवणुकीच्या गुन्ह्यात प्रायः फसवणूक, बनावट दस्तऐवज तयार करणे व तो खरा म्हणून वापरणे ही कलमे लागतात. भारतीय दंड संहितेतील ४२०, ४६५ ते ४६८ व ४७१ ही कलमे सर्वपरिचित आहेत. १ जुलै २०२४ नंतर घडलेल्या कृत्यांना भारतीय न्याय संहितेची अनुक्रमे ३१८, ३३६ ते ३३८ व ३४० ही कलमे लागतात. कोणती संहिता लागू होईल हे कृत्य केव्हा घडले यावरून ठरते.

कलमाची निवड ही केवळ तांत्रिक बाब नाही. फसवणुकीच्या कलम ४२० ला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तर मौल्यवान रोख्याच्या बनावटीच्या कलम ४६७ ला जन्मठेपेपर्यंत. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांनी यांत्रिकपणे अटक करू नये, अटकेची आवश्यकता लेखी नमूद करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्णेशकुमार विरुद्ध बिहार राज्य (२०१४) या निर्णयात बजावले आहे. अशा गुन्ह्यांत अटकेऐवजी हजर राहण्याची नोटीस देता येते. नव्या संहितेच्या कलम ३५ मध्ये ही व्यवस्था आहे. म्हणजेच प्राथमिक माहिती अहवालात कलम ४६७ घातले, की प्रकरण या संरक्षणाच्या कक्षेबाहेर जाते.

या संदर्भात श्रीनिवास पंडित धर्माधिकारी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८०) हा निर्णय महाविद्यालयांच्या दृष्टीने लक्षणीय आहे. महाविद्यालयीन प्रवेशासाठी बनावट प्रमाणपत्रे वापरल्याचे ते प्रकरण होते. अशी प्रमाणपत्रे 'मौल्यवान रोखा' या संज्ञेत बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले. प्रमाणपत्राची बनावट हा गुन्हाच आहे, परंतु प्रत्येक प्रमाणपत्र म्हणजे मौल्यवान रोखा नव्हे. अटकपूर्व जामिनाच्या सुनावणीत वकील हा भेद का मांडतात, हे यावरून ध्यानात येईल. लोकसेवकाने दिल्याचे भासविणाऱ्या बनावट प्रमाणपत्रासाठी मात्र दंड संहितेत कलम ४६६ हे स्वतंत्र कलम होते व त्यास सात वर्षांपर्यंत शिक्षा होती. न्याय संहितेत त्याची जागा कलम ३३७ ने घेतली आहे.

जात प्रमाणपत्रांबाबत महाराष्ट्राने २००० चा स्वतंत्र अधिनियम (२००१ चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३) केला. त्याच्या कलम ११ अन्वये खोटे जात प्रमाणपत्र मिळविणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरीची तरतूद आहे. पडताळणी समितीच्या किंवा तिने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेत नाही.

प्राध्यापक हा 'लोकसेवक'

प्रमाणपत्र देण्यासाठी पैसे घेतल्याचा आरोप असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ लागू होतो. या अधिनियमातील 'लोकसेवक' या संज्ञेची व्याप्ती पुष्कळांना ठाऊक नसते. विद्यापीठाचे कुलगुरू, प्राध्यापक, अधिव्याख्याते, इतर शिक्षक व कर्मचारी, तसेच परीक्षा घेण्याच्या कामी ज्यांची सेवा विद्यापीठाने अथवा अन्य सार्वजनिक प्राधिकरणाने घेतली आहे अशी कोणतीही व्यक्ती कलम २ अन्वये लोकसेवक ठरते. शासनाचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या शैक्षणिक संस्थांचे पदाधिकारी व कर्मचारीही तीत येतात. म्हणजे अनुदानित महाविद्यालयातील लिपिक, बहिःस्थ परीक्षक व केंद्रप्रमुख हे सर्व या कायद्याच्या कक्षेत आहेत. गुजरात राज्य विरुद्ध मनसुखभाई कांजीभाई शाह (२०२०) या निर्णयाने अभिमत विद्यापीठांनाही ही व्याप्ती लागू केली.

लाच घेणाऱ्यास कलम ७ अन्वये तीन ते सात वर्षे कारावासाची शिक्षा आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. सक्तीने लाच द्यावी लागली आणि सात दिवसांच्या आत तक्रार केली, तर त्याला संरक्षण मिळते. गुण वाढवून घेण्यासाठी दलालास पैसे देणारा उमेदवार 'मी तर बळी आहे' असे म्हणू लागला, तर त्याने तक्रार केव्हा केली हा पहिला प्रश्न उपस्थित होईल.

भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत न्यायालयांचा कल अधिक कठोर आहे. राज्य विरुद्ध अनिल शर्मा (१९९७) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने कोठडीतील चौकशीचे महत्त्व अधोरेखित केले. अटकपूर्व जामिनाच्या संरक्षणात असलेल्या संशयिताकडून माहिती मिळविणे तपासयंत्रणेला कठीण जाते, असा त्याचा आशय होता. ३ मार्च २०२५ रोजी देविंदरकुमार बन्सल विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात, भ्रष्टाचाराच्या आरोपात अटकपूर्व जामीन अपवादात्मक परिस्थितीतच द्यावा, उदाहरणार्थ आरोपी खोटा गोवला गेल्याचे प्रथमदर्शनी दिसत असेल तर, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. हा निर्णय दोन न्यायमूर्तींचा आहे आणि सिब्बिया निर्णय पाच न्यायमूर्तींचा. म्हणून २०२५ च्या निर्णयाकडे बंदी म्हणून न पाहता सावधगिरीची सूचना म्हणून पाहणे अधिक सयुक्तिक ठरते.

दोन प्रकरणे

पहिले प्रकरण महाराष्ट्र शिक्षक पात्रता परीक्षेचे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेनुसार इयत्ता पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी ही परीक्षा किमान अर्हतेचा भाग झाली. त्या अर्थाने ती अध्यापन-व्यवसायाचा परवानाच होय. जानेवारी २०२० मध्ये झालेल्या परीक्षेतील गैरव्यवहाराच्या तपासात पुणे सायबर पोलिसांनी डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक केली. परीक्षेचे तांत्रिक काम करणाऱ्या खासगी कंपनीशी संबंधित व्यक्तींनाही अटक झाली. पैसे घेऊन अपात्र उमेदवारांचे गुण वाढविणे व काहींना थेट बनावट प्रमाणपत्रे देणे असे आरोपाचे स्वरूप होते. तपासात सात हजार आठशेहून अधिक उमेदवारांची नावे निष्पन्न झाली. ऑगस्ट २०२२ मध्ये परिषदेने त्यांची संपादणूक रद्द करून त्यांना पुढील परीक्षांसाठी प्रतिबंधित केले.

या प्रकरणात आरोप झाला तो अभिलेख राखणाऱ्यांवरच. उत्तरपत्रिका, गुणांची संगणकीय माहिती व प्रमाणपत्रांची नोंद ज्यांच्या हाती, तेच संशयित होते. अशा स्थितीत मोकळा असलेला संशयित पुरावा नष्ट करू शकतो, हाताखालच्या कर्मचाऱ्यांवर दबाव आणू शकतो. त्यामुळे तपासयंत्रणेच्या कोठडीच्या मागणीला वजन प्राप्त होते.

दुसरे प्रकरण पूजा खेडकर यांचे. भारतीय प्रशासन सेवेच्या महाराष्ट्रातील या परिविक्षाधीन अधिकाऱ्यांवर, नागरी सेवा परीक्षेत इतर मागास प्रवर्ग व दिव्यांगत्व यांचा लाभ गैरमार्गाने घेतल्याचा आणि ओळख बदलून अनुज्ञेय संख्येहून अधिक वेळा परीक्षा दिल्याचा आरोप झाला. त्यांनी आरोप नाकारले. संघ लोकसेवा आयोगाच्या तक्रारीवरून जुलै २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी गुन्हा नोंदविला. ३१ जुलै २०२४ रोजी आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली, तर सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने त्यांना सेवेतून मुक्त केले.

अटकपूर्व जामिनाचा प्रवास असा झाला. दिल्लीच्या सत्र न्यायालयाने १ ऑगस्ट २०२४ रोजी अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने प्रथम अंतरिम संरक्षण दिले, परंतु २३ डिसेंबर २०२४ रोजी प्रथमदर्शनी सबळ प्रकरण असल्याचे व कटाचा उलगडा होणे आवश्यक असल्याचे सांगून अर्ज नामंजूर केला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये अंतरिम संरक्षण आणि २१ मे २०२५ रोजी अटकपूर्व जामीन दिला. तपासात सहकार्य करणे, पुराव्यात ढवळाढवळ न करणे अशा अटी त्यासोबत होत्या. हा खून किंवा अमली पदार्थांच्या व्यापारासारखा गुन्हा नव्हे, याकडे न्यायालयाने सुनावणीत लक्ष वेधले होते.

येथे आरोपी प्रमाणपत्राचा धारक आहे. अर्ज आयोगाकडे, वैद्यकीय कागदपत्रे रुग्णालयाकडे आणि उत्पन्नाच्या नोंदी महसूल कार्यालयाकडे. सेवेतून मुक्त झाल्यावर या अभिलेखांवर अधिकारपदाचा प्रभाव टाकण्याची शक्यताही ओसरते. न्यायालयाच्या आदेशात हे कारण याच शब्दांत दिले आहे, असे येथे म्हणावयाचे नाही. दोन प्रकरणांतील भेद समजून घेण्यासाठी ही कसोटी उपयुक्त ठरते, एवढेच म्हणणे आहे.

अभिलेखाची कसोटी

या विवेचनावरून अशा प्रकरणांतील आरोपींचे तीन वर्ग करता येतात. प्रमाणपत्र देणारा अधिकारी, मधला दलाल आणि प्रमाणपत्राचा धारक. अधिकाऱ्याचा हात मूळ नोंदवहीपर्यंत पोहोचतो. दलालाजवळ पैशाच्या व्यवहाराची व इतर लाभार्थींची माहिती असते आणि ती त्याच्या भ्रमणध्वनीत किंवा स्मरणात असल्याने सहज नाहीशी होऊ शकते. धारकाजवळ बहुधा एक कागद असतो व त्याची प्रत अगोदरच कार्यालयात दाखल झालेली असते. म्हणून धारकाच्या बाबतीत कोठडीची गरज सामान्यतः कमी भरते. मात्र त्याने तो कागद कोणाकडून मिळविला हे सांगण्यास टाळाटाळ केली, तर चित्र पालटू शकते.

'वस्तू हस्तगत करावयाची आहे, म्हणून कोठडी हवी' हा युक्तिवाद वारंवार केला जातो. सिब्बिया निर्णयात त्याचेही उत्तर आहे. जामिनावरील व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली, तर त्या मर्यादेपुरती ती व्यक्ती ताब्यात असल्याचे मानून तो पुरावा ग्राह्य धरता येतो. जुन्या पुरावा अधिनियमाच्या कलम २७ संबंधीचे हे तत्त्व आहे.

जामिनाने काय थांबत नाही

अटकपूर्व जामिनाने तपास, दोषारोपपत्र व खटला यांपैकी काहीही थांबत नाही. प्रशासकीय कारवाईही थांबत नाही. वरील दोन्ही प्रकरणांत परीक्षा परिषदेने व आयोगाने फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट न पाहता निर्णय घेतले. भारतीय अन्न महामंडळ विरुद्ध जगदीश बलराम बहिरा (६ जुलै २०१७) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने, अवैध ठरलेल्या जात दाव्याच्या आधारे मिळविलेले लाभ कायम ठेवता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. 'जामीन मिळाला, आता रुजू करून घ्या' ही मागणी म्हणूनच निराधार ठरते. उलटपक्षी, 'जामीन फेटाळला, म्हणजे दोषी' असे गृहीत धरून चौकशीविना बडतर्फ करणेही नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वाशी विसंगत होय. संबंधितास नोटीस, कागदपत्रांच्या प्रती व म्हणणे मांडण्याची संधी मिळालीच पाहिजे.

महाविद्यालयांची जबाबदारी

मूळ अभिलेख सुरक्षित असेल तर दोषीवर आरोप सिद्ध करणे सुकर होते, आणि निर्दोष कर्मचाऱ्याचे संरक्षणही त्यानेच होते. बनावट दाखल्यावर एखाद्या प्राचार्यांची स्वाक्षरी आढळली, तर ती त्यांची नाही हे न्यायालयात दाखविण्याचे पहिले साधन म्हणजे जावक नोंदवही. तो अनुक्रमांक त्या दिवशी दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या नावे असेल, तर अटकेच्या भीतीने धावपळ करणाऱ्या व्यक्तीच्या अर्जाला भक्कम आधार मिळतो. नोंदवहीच अपुरी असेल, तर प्रामाणिक लिपिकही संशयाच्या भोवऱ्यात सापडतो.

यासाठी पुढील दक्षता घेणे इष्ट ठरेल. शाळा सोडल्याचा दाखला, उत्तीर्णतेचे व अनुभवाचे प्रमाणपत्र यांच्या कोऱ्या प्रतींचा अनुक्रमांकनिहाय हिशेब ठेवावा. रद्द झालेल्या प्रतीही जतन कराव्यात. प्रमाणपत्र लिहिणारा, तपासणारा व स्वाक्षरी करणारा या व्यक्ती भिन्न असाव्यात. नेमणुकीच्या वेळी उमेदवाराने आणलेल्या पडताळणीपत्रावर विसंबू नये, देणाऱ्या संस्थेकडे थेट लेखी विचारणा करावी. बाहेरून आलेल्या पडताळणीच्या पत्रांना नोंदवही पाहूनच उत्तर द्यावे व त्याची स्थळप्रत ठेवावी. संशय आल्यास मूळ कागद संबंधितास परत न देता त्याची नोंद करून विद्यापीठास व सक्षम प्राधिकरणास लेखी कळवावे. तक्रार दाखल झाल्यावर नोंदवहीत कोणतीही 'दुरुस्ती' करू नये. चांगल्या हेतूने केलेली खाडाखोडही पुराव्यातील ढवळाढवळ ठरू शकते.

या दक्षतेची निकड आता अधिक वाढली आहे. १ सप्टेंबर २०२५ रोजी अंजुमन इशात-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांची पाच वर्षांहून अधिक सेवा शिल्लक आहे अशा कार्यरत शिक्षकांनाही दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरविले. आपल्या महाविद्यालयांतून पदवी घेऊन ग्रामीण भागात अध्यापन करणाऱ्या अनेकांच्या उपजीविकेशी ही परीक्षा जोडली गेली आहे. जेथे नोकरी पणाला लागते, तेथे दलालांना वाव मिळतो. अशा शिक्षकांना अभ्यासाचे साहाय्य देणे व लाच देणाराही गुन्हेगार ठरतो याची स्पष्ट जाणीव देणे, हे महाविद्यालये करू शकतील असे काम आहे.

समारोप

अटकपूर्व जामीन हा निरपराध नागरिकाच्या प्रतिष्ठेचे रक्षण करणारा उपाय आहे. प्रमाणपत्राचे पावित्र्य हे समाजाच्या विश्वासाचे रक्षण करते. या दोहोंत विरोध आहे असे वरकरणी वाटते. परंतु अभिलेख अखंड, स्वतंत्र व आरोपीच्या आवाक्याबाहेर असतील, तर कोणालाही कोठडीत न ठेवता सत्य शोधता येते आणि दोन्ही मूल्ये एकाच वेळी जपली जातात. जेथे अभिलेखच विकले जातात, तेथे न्यायालयास स्वातंत्र्य आणि तपास यांपैकी एकास झुकते माप द्यावे लागते. ही वेळ टाळण्याचे सामर्थ्य न्यायालयापेक्षा प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यालयाकडे अधिक आहे, आणि ते कार्यालय पुष्कळदा आपल्याच महाविद्यालयाचे असते.